माझा डोळा आणि अर्चूचा डोळा

आधी एक कबूल करून टाकते. मी जळकी बाई आहे. आजारपणावर लिहिणारी माणसं धीराबद्दल लिहितात, देवाबद्दल लिहितात, घरच्यांच्या प्रेमाबद्दल लिहितात. तेही थोडंथोडं माझ्याकडे आहे, येईल पुढे. पण माझ्या डाव्या डोळ्याचा पडदा सुटला तेव्हा मनात सगळ्यात जास्त काय होतं असं कोणी विचारलं, तर उत्तर हेवा हेच आहे. ज्याला नीट दिसतं त्या प्रत्येकाचा हेवा, आणि सगळ्यांत जास्त माझ्या सख्ख्या बहिणीचा. हे लिहायला लाज वाटते. पण हे गाळून लिहिलं तर मी केलेल्या चुका तुम्हाला कळायच्या नाहीत, आणि त्या कळाव्यात म्हणूनच लिहायला बसले आहे.

मी वंदना. माहेर अकोल्याचं, सासर चांदूर बाजारचं, घरची संत्र्याची बाग. अर्चना माझ्याहून तीन वर्षांनी लहान. लहानपणी मला जो फ्रॉक तोच तिला पाहिजे असायचा. मला चष्मा लागला, दोन वर्षांनी तिलाही लागला. दोघींचा नंबर मोठा, काचा बाटलीच्या बुडासारख्या. "नक्कल करते माझी," असं मी तिला शाळेत असल्यापासून म्हणत आले, मैत्रिणींसमोर आणि पाहुण्यांसमोरसुद्धा. माझ्या लग्नानंतर दोन वर्षांनी माझ्याच दिरासाठी तिला मागणी घातली गेली. सगळ्या घराला आनंद झाला, सख्ख्या बहिणी सख्ख्या जावा होणार म्हणून. मला वाटलं, घ्या, आता सासरही घेतलं.

दोन भावांची दोन घरं, मधे कमरेएवढी भिंत. तिच्या लग्नाच्या आधी अर्चूनं चष्मा सोडून लेन्स लावायला सुरुवात केली. तेव्हापासून घरात चष्मेवाली म्हणजे मी एकटी. तिलाही माझ्याएवढाच नंबर आहे हे सगळे विसरून गेले.

चिलटं

सुरुवात चिलटांपासून झाली. बागेत आंबिया बहाराची संत्री उतरवणं चालू होतं आणि माझ्या डाव्या डोळ्यासमोर सारखी चिलटं उडायची. हातानं हाकलली तरी जायची नाहीत. मग एक काळा धागा आला. डोळा फिरवला की तोही फिरायचा. दिवेलागणीला डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी चमकायचं. वीज चमकली असं वाटून मी दोनदा अंगणात वाळत घातलेले कपडे काढून आणले. आभाळ कोरडं ठणठणीत.

दुखत काहीच नव्हतं. दुखलं असतं तर मी गाव डोक्यावर घेतलं असतं. मी डोळ्यात गुलाबपाणी टाकलं, बागेतल्या फवारणीला दोष दिला आणि महिना घालवला. शेवटी बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "नंबर वाढला बाई, काच बदला." काच बाहेरून यायची होती. तिला आठ दिवस लागले आणि त्या आठ दिवसांत डाव्या डोळ्यात खालून एक काळा पडदा वर चढत गेला. मी म्हणत होते, नवा चष्मा आला की जाईल.

चष्मा आला. मी उजवा डोळा झाकून पाहिलं तर दुकानदाराचं कपाळ तेवढं दिसलं, ते पण वेडंवाकडं. खालचं सगळं काळं. काच खराब दिली म्हणून मी त्याच्याशी भांडले. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "बाई, काच चांगली हाय. तुमचा डोया दाखवा अमरावतीले. आजच्या आज."

लाल थोडं, निळं फार

अमरावतीच्या दवाखान्यात थेंब टाकून बाकावर बसवलं. बाहुली मोठी होईपर्यंत जवळचं काही दिसत नाही, नुसतं ऐकत बसायचं. माझ्या दोन्ही बाजूंना मोतीबिंदूची माणसं होती. माझ्यासमोर एका म्हाताऱ्या बाईची पट्टी काढली.

"आजी, किती बोटं?"

"तीन व माय! अन् तुह्या बोटातली अंगठी बी दिसते!"

सगळा बाक हसला. मी हसले नाही. त्या आजीचं वय ऐंशीच्या पुढे असेल, मी एक्कावन्नची. तिला नजर परत मिळाली होती आणि माझी चालली होती. मला तिचा राग आला. आजतागायत मी तिचं काही चांगलं चिंतू शकलेले नाही, देव मला माफ करो.

डॉक्टरांनी कपाळाला दिवा बांधला, हातात भिंग धरलं आणि वर बघा, खाली बघा करत बराच वेळ पाहिलं. मग कागदावर एक गोल काढला. त्यातला थोडा भाग लाल पेन्सिलीनं रंगवला, बाकीचा निळ्यानं.

"हा डोळ्याच्या आतला पडदा, रेटिना. लाल म्हणजे चिकटलेला, निळा म्हणजे सुटलेला," ते म्हणाले. "चमकायला कधी लागलं?"

"महिना झाला असन."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "तेव्हा आला असता तर पडद्याला नुसतं छिद्र होतं. इथंच, त्या खुर्चीत बसवून लेझर केलं असतं. पंधरा मिनिटांचं काम. आता ऑपरेशनच करावं लागेल, आणि त्याची मशीन माझ्याकडे नाही. अकोल्याला आहे. पण ती चालवणारे सर्जन नागपूरहून येतात, आठवड्यातून एक दिवस. ते परवा येणार आहेत. मी फोन करतो."

मी त्या कोपऱ्यातल्या लेझरच्या खुर्चीकडे पाहत राहिले. काळ्या रेक्झिनची साधी खुर्ची. आमच्या ह्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली, बाहेर येऊन चहा सांगितला आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. तीस वर्षांत मी त्यांचे खांदे असे हलताना पाहिले नव्हते. मी दुसरीकडे पाहिलं.

अकोल्याची यादी

बडनेऱ्याहून गाडीनं अकोल्याला गेलो. माहेरच्या गावी उतरून माहेरी न जाता दवाखान्यात जायची ती पहिलीच वेळ. तसंही आता माहेरी कोणी उरलेलं नाही.

तिथे मशीन एक, सर्जन एक, दिवस एक. यादीत चार जण, त्यात मी दुसरी. दुपारी मूर्तिजापूरकडचे एक गृहस्थ आले, माझ्याही नंतर, आणि त्यांना माझ्या आधी घेतलं. मी सिस्टरशी कडाकडा भांडले. ती शांतपणे म्हणाली, "मावशी, त्यांचा पडदा कडेनं सुटला, मधला भाग अजून चिकटलेला आहे. आज केलं तर पूर्ण नजर वाचते. तुमचा मधला भाग आधीच सुटला. तुम्हाला दोनचार तास मागंपुढं झाले तर फरक पडत नाही."

म्हणजे ज्याचं कमी बिघडलं त्याचा नंबर आधी. सगळं समजलं आणि तरी अंगाची लाहीलाही झाली. मला त्या अनोळखी माणसाच्या डोळ्याच्या मधल्या भागाचा हेवा वाटत होता. असला हेवा जगात दुसऱ्या कोणाला वाटला असेल असं मला वाटत नाही.

त्याच हिशोबानं माझा नंबर सगळ्यांत शेवटी लागला. तोपर्यंत सर्जनची परतीची गाडी निघून गेली होती. ते थांबले. "आता आलोय तर करूनच जातो," एवढंच म्हणाले. फक्त डोळ्याला भूल देऊन ऑपरेशन केलं, मी जागी होते, सगळं ऐकू येत होतं. पडदा चिकटवला आणि तो जागेवर दाबून धरायला डोळ्यात गॅस भरला. गॅस वर चढतो, म्हणून मान खाली घालायची. उठता, बसता, जेवता, झोपता, तोंड जमिनीकडेच.

पालथं झोपायला मोठ्या शहरात म्हणे खास उश्या आणि खुर्च्या मिळतात. इथे तसलं काही नव्हतं. सकाळी त्या मूर्तिजापूरकडच्या गृहस्थांची बायको माझ्या खाटेजवळ आली. तिचे फक्त पाय दिसत होते मला. तिनं जुन्या लुगड्याची मोठीच्या मोठी चुंबळ वळून आणली होती, घागरीखाली डोक्यावर ठेवतात तशी, पण चेहरा मावेल एवढी. "आमच्या यायले एक केली होती, तुमच्यासाठी बी केली," म्हणाली. "त्यायच्यामुळं तुमचा नंबर मांगं गेला ना." मी चुंबळीत तोंड घातलं. नाक मोकळं राहिलं आणि मानेला आराम पडला. थँक्यू म्हणायचं राहून गेलं. ते इथे म्हणते.

सुट्टी देताना डॉक्टरांनी मनगटाला डोळ्यात गॅस असल्याची हिरवी पट्टी बांधली आणि दोन गोष्टी बजावल्या. एक, "डोळ्यात गॅस आहे तोवर विमानात बसायचं नाही. उंचावर गॅस फुगतो." आमचे हे आणि मी दोघंही हसलो. चांदूर बाजारचे आम्ही, आमचं कसलं विमान! ही गोष्ट मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला हसत सांगितली.

दुसरी गोष्ट, आमचे हे फाईल घ्यायला खिडकीशी गेले होते तेव्हा, सांगितली. "तुम्हाला सख्खी भावंडं आहेत? कोणाला तुमच्यासारखा मोठा नंबर? त्यांना पडदा तपासून घ्यायला सांगा. लगेच."

ही गोष्ट मी कोणालाच सांगितली नाही. विसरले असं म्हणणार होते इथे, पण विसरले नव्हते. सगळं घर पहिल्यांदा माझ्याभोवती फिरत होतं. म्हटलं, आता दुखण्यातही तिचा वाटा कशाला? सांगू पुढे.

पाय

अकरा दिवस मी माणसांना पायांवरून ओळखलं. ह्यांच्या टाचेच्या भेगा, माझ्या लेकीच्या, ऋतुजाच्या, नखांवरचा निघत आलेला रंग, सुधाकरभाऊजींचे, म्हणजे माझ्या दिराचे, शेतातून आलेले मातीचे पाय. आणि अर्चूचे पाय. ते दिवसभर. भिंतीवरून चहा द्यायची ती आता माझ्या घरातच राबत होती. माझं जेवण, डोळ्यातले थेंब, माझी वेणी. तिच्या पायात माझी स्वयंपाकघरातली चप्पल होती.

तुम्ही म्हणाल, बहीण करत होती, आभार मानावेत. मानायला हवे होते. पण पालथं पडून तुमच्या डोळ्यांसमोर फक्त फरशी असते, आणि त्या फरशीवरून तुमची चप्पल दुसऱ्याच्या पायात चटचट फिरत असते. स्वयंपाकघरातून ह्यांचा आवाज यायचा, "वा अर्चना, कढी-गोळे काय झाले बाप्पा!" तीस वर्षांत माझ्या कढी-गोळ्यांना 'वा' मिळाला नव्हता. मी ओरडले, "मीठ जास्त हाय त्यात!" मी अजून चाखलेसुद्धा नव्हते.

एकदा थेंब टाकताना अर्चूनं विचारलं, "ताई, तुले पहिल्यांदा नेमकं कसं चमकायचं? एकाच बाजूनं का?"

मला वाटलं, ही आता माझ्या दुखण्याच्या गोष्टी शेजारणींना सांगत बसणार. "तुले कायले पाहिजे?" मी म्हटलं. "तुझे डोये तं शाबूत हायेत ना."

 तिचे पाय थोडा वेळ तिथेच होते, मग गेले.

घर पाहणं

त्याच दिवसांत ऋतुजाचं जमलं. मुलगा अमरावतीला बँकेत, पण घर चिखलदऱ्याला. वडील तिथल्या शाळेत होते आणि निवृत्त झाल्यावर तिथेच राहिले. आमच्याकडे मुलगी पसंत पडली की मुलीकडची माणसं मुलाचं घर पाहायला जातात. त्यात पुरुषांचं काम ओसरीत बसून सोयाबीनच्या गप्पा मारायचं. खरं घर पाहते ती मुलीची आई. स्वयंपाकघरात जायचं, पाणी कुठून येतं ते पाहायचं, सासूबाई बोलताना सुनेबद्दल काय बोलतात ते ऐकायचं.

ऑपरेशनला वीस दिवस झाले होते. मान वर करायची परवानगी मिळाली होती. डोळ्यात गॅस होताच. डाव्या डोळ्यानं पाहिलं की गवंड्याच्या लेव्हलच्या नळीतल्या पाण्यासारखं काहीतरी हलायचं. हे म्हणाले, "तू राहू दे. अर्चना जाते. ती तं मावशी बी हाय अन् काकू बी हाय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मुलाची आई अर्चूची ओटी भरणार, तिला विहीणबाई म्हणणार, आणि मी इथे बसून फरशी मोजणार!

"माझ्या पोरीचं घर मी माझ्या डोयानं पायीन," मी म्हटलं. "मरत नाई मी."

विमानात तर बसायचं नव्हतंच. घाटाचा विचार कोणाच्याही मनात आला नाही. आमच्या लेखी उंच म्हणजे विमान. चिखलदरा म्हणजे आपला चिखलदरा, शाळेची सहल जाते तिथे.

दोन गाड्या निघाल्या. पहिलीत सुधाकरभाऊजी, आमचे हे आणि मागे आम्ही दोघी. दुसरीत चुलतदीर आणि त्यांच्या घरचे. परतवाडा गेलं, धामणगाव गढी गेलं, चढ लागला. तिसऱ्या-चौथ्या वळणावर डोळा ठणकायला लागला. पुढे आतून कोणी अंगठ्यानं दाबून धरावं तसं झालं. मी गप्प. बोलले की गाडी थांबणार, मला कुठंतरी उतरवून बसवणार आणि अर्चू वर जाणार. आणखी दोन वळणं मी दात आवळून काढली. मग डाव्या डोळ्यापुढचं ते हलणारं पाणीही गेलं, सगळं काळं झालं आणि मला उलटी झाली.

"गाडी थांबवा!" अर्चू ओरडली. तिनं माझी फाईल पिशवीत घालून आणली होती. मी आणली नव्हती, तिनं आणली होती. रस्त्याच्या कडेला उभी राहून ती भराभर कागद उलटत गेली आणि एका जागी बोट ठेवून थांबली. "अठी लिहून हाय. विमान, अन् उंच जागा. घाट-पहाड चढू नये म्हणून लिहून हाय, ताई!"

"आता तं अर्धं आलो," आमचे हे म्हणाले. "ते लोक वाट पाहून राहिले. वर जाऊन पडू दे तिले जरा. शुभ कामाले निघून अर्ध्यातून फिरणं बरं दिसत नाई."

"तुमी दोघं मांगच्या गाडीत बसा, भाऊजी," अर्चू ह्यांना म्हणाली आणि आपल्या नवऱ्यापुढे हात केला. "चाबी द्या."

"तू जा ना," मी गाडीच्या दाराला धरून म्हटलं. त्या दुखण्यातही म्हटलं. "तुले तं जायचंच होतं."

तिनं मला पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला आणि गाडी वळवली. अर्चू गाडी चालवायला शिकली तेव्हा मी महिनाभर तिच्याशी नीट बोलले नव्हते. तीच आता मला घाटातून खाली आणत होती. वळणागणिक डोळ्यावरचा दाब कमी होत गेला. परतवाड्याला पोचेपर्यंत काळं जाऊन ते हलणारं पाणी परत दिसायला लागलं. मला रडू आलं. अर्चू म्हणाली, "रडू नको, डोया खराब होते." तिनं गाडी थेट अमरावतीला नेली.

बाक

डॉक्टरांनी आधी दाब मोजला, मग पडदा पाहिला, आणि मग मला झापलं. "घाट चढलात? अजून थोडं वर गेला असता तर डोळ्याचा रक्तपुरवठाच बंद पडला असता. मग अकोला काय आणि मुंबई काय, कोणी काही करू शकलं नसतं." गोळी दिली, थेंब दिले. पडदा जागेवर होता. सुटला नव्हता.

मग त्यांचं लक्ष अर्चूकडे गेलं. "या कोण?"

"धाकटी बहीण," मी म्हटलं.

"सख्खी? नंबर आहे यांना?" ते माझ्याकडे वळले. "भावंडांना तपासून घ्या, असं अकोल्याला सांगितलं असेल ना तुम्हाला?"

अर्चू माझ्याकडे पाहत होती. नाही म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. घाटातली ती दोन वळणं सोपी होती, एवढं हे एक वाक्य जड गेलं.

"सांगितलं होतं," मी म्हटलं. "मीच हिले सांगितलं नाई. माझ्याएवढाच नंबर हाय हिले, लेन्स लावते म्हणून दिसत नाई. पाहा हिचे डोये."

लेन्स काढल्या, थेंब टाकले. पुन्हा तो कपाळाचा दिवा आणि हातातलं भिंग. मी शेजारी उभी होते.  वरच्या मनानं मी देवाला म्हणत होते, हिला काही नको. आणि खाली, अगदी खाली, काहीतरी म्हणत होतं, तिलाही असू दे. दोन्ही होतं. मी खोटं लिहिणार नाही.

"चमकतं का तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं.

 अर्चू म्हणाली, "हो. उजव्या डोयात. ताई पालथी होती तवापासून."

उजव्या डोळ्याच्या पडद्याला छिद्र होतं. कड थोडी उचलायला लागली होती. "आणखी आठ दिवसांनी आला असता तर अकोल्याच्या यादीत," डॉक्टर म्हणाले आणि तिला त्या काळ्या खुर्चीत बसवलं. टिकटिक आवाज येत राहिला. मी बाहेरच्या घड्याळात पाहिलं. पंधरा मिनिटंही लागली नाहीत.

खरं सांगते, मी जळले. मी अकरा दिवस फरशी पाहिली, घाटात मेले असते, आणि ती पदर सारखा करत खुर्चीतून उठली.

पण बाकावर येऊन बसली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की चमकत्या डोळ्यानं तिनं मला घाटातून खाली आणलं होतं. इतके दिवस माझ्या डोळ्यात थेंब टाकणारीच्या डोळ्यात विजा चमकत होत्या. दोघींच्याही बाहुल्या मोठ्या केलेल्या. दवाखान्यानं काळे चष्मे दिलेले. ह्यांची गाडी येईपर्यंत बसून राहायचं होतं.

"इतके दिवस चमकते अन् बोलली नाई?" मी विचारलं. "माझं पाहून बी?"

"तुझं पाहूनच नाई बोलली," अर्चू म्हणाली. "बोलली असती तं तू म्हटलं असतं, आता माझं दुखणं बी घेतलं."

 मी तेच म्हटलं असतं. हेच शब्द.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "अन् तू काहून नाई सांगितलं मले?"

"तुले दुखण्यात वाटा नको म्हणून."

ती हसली की रडली ते मला दिसलं नाही. जवळचं काहीच दिसत नव्हतं. मी हात पुढे केला, तिचा हात लागायच्या ऐवजी पिशवी लागली. मग तिनंच माझा हात शोधला. "डोया गेला असता ना वं माझा," ती म्हणाली, अगदी हळू. "हो," मी म्हटलं. याच्यापुढे आमचं त्या विषयावर बोलणं झालेलं नाही.

संध्याकाळी पुरुषमंडळी घर पाहून आली. मी विचारलं, "स्वयंपाकघर कसं हाय?" आमचे हे विचार करून म्हणाले, "हाय. एक हाय." सुधाकरभाऊजी म्हणाले, "पोहे चांगले होते."

आता

गॅस जायला दोन महिने लागले. गोळा लहान लहान होत एक दिवस कांद्याच्या बीएवढा झाला आणि नाहीसा झाला. डाव्या डोळ्यानं आता मला तक्त्यावरच्या वरच्या तीन ओळी वाचता येतात. सरळ रेघ वाकडी दिसते. दाराची चौकट मधे आत गेलेली दिसते. माणसाचा चेहरा दिसतो, पण ओळखायला आवाज लागतो. यापेक्षा जास्त सुधारणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. उजवा चांगला आहे, त्यावर चाललं आहे. मूर्तिजापूरच्या त्या गृहस्थांना म्हणे सगळं स्वच्छ दिसतं. मला अजून हेवा वाटतो.

तुमच्या डोळ्यासमोर नवी चिलटं आली, कोपऱ्यात चमकलं, तर चष्म्याच्या काचेची वाट पाहू नका. थेंब टाकून पडदा पाहणाऱ्या डॉक्टरकडे जा. आपल्याकडे मोठ्या मशिनी कमी आहेत, पण छोटी खुर्ची अमरावतीत होती, मीच वेळेत तिच्यात बसले नाही. गॅस घातला असेल तर घाटही चढू नका. आणि घरात तुमच्यासारखाच जाड चष्मा असलेलं कोणी असेल, तर भांडण असलं तरी त्याला सांगा. भांडण नंतरही करता येतं, मी करते.

रोज सकाळी मी भिंतीपाशी जाऊन विचारते, "चमकते का?" ती म्हणते, "नाई. तुले?" मी म्हणते, "नाई." मग चहा.

लग्नाच्या आधी आम्ही दोघी चिखलदऱ्याला जाऊन आलो. डॉक्टरांना विचारून गेलो. विहीणबाईंनी दोघींची ओटी भरली, आधी माझी. अंगणात कॉफीची चार झाडं आहेत. मी थेट स्वयंपाकघरात गेले. मोठं आहे, ओट्यापुढे खिडकी आहे, खिडकीतून दरी दिसते. मी उजवा डोळा हातानं झाकला आणि डाव्यानं पाहिलं. खिडकीची चौकट मधे आत दबलेली दिसली. माझी लेक इथे उभी राहून रोज पोळ्या करणार होती.

मागे वळून पाहिलं तर अर्चूनंही एक डोळा हातानं झाकला होता, लेझर केलेल्या डोळ्यानं ती खिडकीकडे पाहत होती.

"नक्कल करते का माझी?" मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. "खिडकी सरळ हाय, ताई."